जागा सांगितलेली आहे

श्रोतेहो, नमस्कार.

सार्वजनिक ठिकाणी माणसे कशी वागतात, हा विषय आपल्याकडे बहुधा तक्रारीच्या सुरातच निघतो. लोक रांग मोडतात, थुंकतात, दारात अडून उभे राहतात, असे आपण म्हणतो आणि ते खोटेही नसते. परंतु तक्रार करणाऱ्याची नजर नियम मोडणाऱ्या दहा जणांवर खिळलेली असते, आणि त्याच वेळी त्याच जागी शेकडो माणसे कोणीही न लिहिलेले नियम मुकाट्याने पाळत असतात, हे तिच्यातून निसटते. आज मी त्या न लिहिलेल्या नियमांविषयी बोलणार आहे. ते कोण करते, ते मोडले की निवाडा कोण करते आणि नवख्या माणसाला ते कोण शिकवते, एवढाच आजचा विषय आहे.

माणसे काय सांगतात आणि प्रत्यक्षात काय करतात यांत अंतर असते, म्हणून विचारत बसण्यापेक्षा पाहत राहावे, हा धडा मला विल्यम व्हाइट या अमेरिकन निरीक्षकाच्या कामातून मिळाला. न्यूयॉर्क शहरात १९६१ पासून असा नियम होता की इमारतीसमोर लोकांसाठी मोकळा चौक सोडला तर बांधणाऱ्याला जादा चटई क्षेत्र, म्हणजे जास्तीच्या बांधकामाची परवानगी, मिळे. चौक पुष्कळ झाले. मात्र जेवणाच्या सुट्टीत काही चौक गजबजून जात, तर काहींत चिटपाखरूही फिरकत नसे. असे का होते, हे शोधण्यासाठी व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात उंचावर कॅमेरे लावले, हातात वह्या घेतल्या आणि कोण कुठे किती वेळ बसते याची नोंद केली. निष्कर्ष इतका साधा निघाला की तो आधी कोणाला का सुचला नाही याचेच आश्चर्य वाटावे: जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात. आपल्याला गर्दीपासून दूर जायचे आहे असे सांगणारी माणसेसुद्धा गर्दी असेल तिथेच जाऊन बसत होती. रस्त्यात भेटलेली दोन माणसे बोलायला थांबली की बाजूला न होता ऐन वाहत्या गर्दीच्या मधोमध थांबत होती. हलवता येणारी खुर्ची मिळाली की बसण्यापूर्वी माणूस ती वीतभर सरकवत होता, मग सरकवण्याचे काही कारण असो वा नसो. या निरीक्षणांमुळे १९७५ मध्ये न्यूयॉर्कने चौकांविषयीचे नियम बदलले आणि तिथे पुरेशी बैठक असणे बंधनकारक झाले.

जाता जाता एक गोष्ट बोलून घेते, कारण ती मला मनापासून खुपते. आपल्याकडे अनेक बसथांब्यांवर आता अरुंद, उतरत्या पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत. त्यांच्यावर टेकता येते, बसता येत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींनी त्यावर कसे बसावे, याचा विचार त्या बसवणाऱ्यांनी केला असेल असे मला वाटत नाही. थांब्यावर कोणीतरी अर्धा तास उभे राहून नुसते पाहिले असते, तरी तशी पट्टी कोणी बसवली नसती.

आता आपल्या मुंबईच्या लोकलकडे येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर कापून या देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. आज त्याच मार्गावर रोज संध्याकाळी ज्या गर्दीतून माणसे घरी जातात, ती गर्दी केवळ रेल्वेच्या नियमांवर चालूच शकणार नाही. रेल्वेच्या हिशेबाने सेकंड क्लासचे बाक तिघांचे आहे. प्रवाशांच्या हिशेबाने ते चौघांचे आहे. चौथी बाई एक पाय मधल्या वाटेत ठेवून तिरकी बसते, आणि तिला बसवण्यासाठी आधीच्या तिघींना सरकावे लागते. त्यासाठी कोणी विनंतीअर्ज करत नाही, हाताने "जरा सरका" एवढी खूण पुरते. रॅकवर पिशवी ठेवायची असेल तर ती अनोळखी हातांतून वरवर जाते आणि उतरताना "ती निळी द्या" म्हटले की तशीच परत येते. आपला डबा, पाकीट, कधी पगारसुद्धा ज्या पिशवीत असतो ती पिशवी आपण नावही ठाऊक नसलेल्या बाईच्या हाती देतो.

या सगळ्या नियमांमध्ये मला सर्वांत मोलाचा वाटतो तो जागा सांगण्याचा. लेडीज डब्यात चढलेली बाई बसलेलीला विचारते, "कुठे उतरणार?" ती म्हणते, "ठाणे." "मग तुमची जागा मी घेते." "घ्या." एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. या नियमाचा एक प्रसंग मला सविस्तर सांगायचा आहे, कारण त्याहून चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही.

काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या बदलापूर फास्टमध्ये मी दादरला चढले आणि लोंढ्याबरोबर आत ढकलली जाऊन दोन बाकांच्या मधल्या जागेत उभी राहिले. माझ्या शेजारी कार्यालयातून घरी निघालेली एक बाई होती. तिने कडेला बसलेलीला विचारून ठाण्याची जागा सांगून ठेवली होती. घाटकोपरला, गाडी सुटता सुटता, एक मावशी चढल्या. खांद्यावर कापडी पिशवी, हाताशी सहा-सात वर्षांची मुलगी. बोलण्यावरून सातारकडच्या वाटत होत्या. मुलीला दवाखान्यात दाखवून बदलापूरला भावाकडे निघाल्या होत्या आणि लोकलची गर्दी त्यांना नवी होती. बायकांनी मुलीसाठी वाट केली, आणि तिच्या मागोमाग मावशीही आमच्यापर्यंत पोहोचल्या.

मुलुंड मागे पडल्यावर कडेची बाई उठली. ठाण्याला उतरायचे तर मुलुंडनंतर दाराकडे सरकायलाच हवे, हे नेहमीच्या प्रवाशांना सांगावे लागत नाही. उठताना तिने जागा सांगितलेल्या बाईकडे पाहून मान हलवली. त्या एका क्षणात मावशी मुलीला घेऊन रिकाम्या जागेवर बसल्या. त्यांच्या दृष्टीने त्यांत काहीच वावगे नव्हते. जागा रिकामी झाली, आपण जवळ होतो, आपण बसलो.

उभी असलेली बाई म्हणाली, "अहो, ही जागा मी सांगितलेली आहे."

मावशींनी वर पाहिले आणि अगदी सरळपणे विचारले, "कुनाला सांगितली?"

श्रोतेहो, त्या प्रश्नावर आमच्या दोन बाकांपुरते सगळे गप्प झाले. प्रश्न उद्धट नव्हता. तो रास्त होता. खरोखरच, कुणाला सांगितली? जिला सांगितली होती ती तर दाराकडच्या गर्दीत दिसेनाशी झाली होती. टीसीला नाही, गार्डला नाही, कुठल्या वहीत नाही. जिची जागा होती त्या बाईच्या चेहऱ्यावर राग चढू लागला होता आणि मावशींचाही आवाज आता चढणार असे वाटत होते. तेवढ्यात खिडकीशी बसलेली, हातातली मेथी निवडणारी बाई मान वर न करता म्हणाली, "मला सांगितली. माझ्यासमोर सांगितली."

मग तिने मेथीची जुडी पिशवीत ठेवली आणि मावशींकडे वळून समजावले, "असं असतं बघा मावशी इथं. उतरणारीला आधी विचारायचं. तिनं हो म्हटलं की ती उठल्यावर जागा आपली. तोवर जवळच उभं राहायचं, लांब गेलं की गेली. ह्या ताई दादरपासून उभ्या आहेत, आम्ही बघतोय."

मावशी ताबडतोब उठल्या. "मला काय ठावं बाई. बसा, बसा तुमी." जिची जागा होती ती बसली, आणि बसताक्षणीच तिने मुलीचा हात धरून तिला मांडीवर घेतले. कोणी तसे सुचवले नव्हते. मावशींची पिशवी दोन हातांतून रॅकवर गेली.

ठाणे आले, अर्धा डबा उतरला आणि तेवढाच पुन्हा भरला. गाडी सुटल्यावर मावशी थोडा वेळ आजूबाजूला पाहत राहिल्या. मग चौथ्या सीटवर बसलेल्या एका तरुणीला त्यांनी विचारले, "ताई, तुमी कुठं उतरनार?"

"डोंबिवली."

"मग तुमची जागा मी घेते."

मागून कोणीतरी म्हणाले, "मावशी, डोंबिवलीची मी सांगितलीय. कुर्ल्यापासून."

मावशींनी वाद घातला नाही. त्या मेथीवालीकडे वळल्या. "आन् तुमी?"

"कल्याण."

"कुनी सांगितलीय का?"

"नाही."

"मग ती माझी."

मेथीवाली हसली आणि तिने नियमाचा राहिलेला भागही सांगून टाकला: खिडकी रिकामी झाली तर खिडकीवर हक्क शेजारणीचा असतो, सगळ्या आत सरकतात आणि जागा सांगणारीला मिळते ती कडेची. मावशींनी मान डोलावली. कल्याणला मेथीवाली उतरली, सगळ्या सरकल्या, आणि कडेची जागा मोकळी झाली त्याच वेळी फलाटावरून धावत चढलेली एक तरुण मुलगी तिच्यावर बसू लागली. मावशींनी तिच्या दंडाला हलकेच हात लावला आणि म्हणाल्या, "बाई, ही जागा सांगितल्याली हाय."

ठाण्यापासून कल्याणपर्यंत फास्ट गाडीला अर्धा तासही लागत नाही. तेवढ्या अवधीत एका परगावच्या बाईने नियम ऐकला, त्याचे अपवाद ऐकले, तो वापरला आणि दुसऱ्या नवखीला शिकवला. पाटी नव्हती, घोषणा नव्हती, दंड नव्हता. पुन्हा सांगते, कारण हे सहज निसटते: पाटी नव्हती आणि दंडही नव्हता. निवाडा दिला तो तिसऱ्या बाईने, जिला त्या जागेतून काहीच मिळायचे नव्हते. असा नियम टिकतो तो साक्षीदारांवर, आणि साक्षीदार मिळतात ते रोज त्याच डब्यात, त्याच वेळी येणारी माणसे असतात म्हणून. जिथे माणसे एकदाच येतात आणि पुन्हा भेटत नाहीत, तिथे हे इतक्या सहजी जमत नाही. म्हणूनच जत्रेच्या गर्दीत होणारी रेटारेटी नेहमीच्या लोकलच्या गर्दीपेक्षा वेगळी असते. सार्वजनिक नळावर पाणी यायच्या आधी लावलेल्या हंड्यांची रांग मी पाहिली आहे. बायका घरात काम करत असतात, हंडे त्यांच्या वतीने रांगेत असतात, आणि दुसरीचा हंडा मागे सरकवणारीला सबंध गल्ली जाब विचारते. तिथेही बळ हंड्याचे नाही, गल्लीच्या डोळ्यांचे आहे.

गर्दीत माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत, असा एक समज आहे. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये याविषयी फार बारकाईने लिहिले. अनोळखी माणसे एकमेकांकडे क्षणभर पाहतात, समोर कोणी आहे याची दखल घेतात आणि मग मुद्दाम नजर काढून घेतात. ही नजर काढून घेणे म्हणजे समोरच्याला दिलेली मोकळीक असते. ती मेथी निवडणारी बाई मला नेहमी या संदर्भात आठवते. दादरपासून तिचे डोळे भाजीवर होते, आणि तरीही कोण कधी चढले, कोणी कोणाला काय विचारले, हे सगळे तिला ठाऊक होते.

आपल्यालाही पाहायचे असेल तर तसे पाहावे. एकच जागा आणि एकच वेळ निवडावी. चेहऱ्यांपेक्षा हातापायांकडे लक्ष द्यावे, कारण उतरणारी बाई बोलण्यापूर्वी पिशवीचा पट्टा घट्ट करते आणि जागा देणारी बोलण्यापूर्वी गुडघे वळवते. आणि मोबाइल खिशात ठेवावा. अनोळखी माणसाचे त्याच्या नकळत चित्रीकरण करून ते चार लोकांना पाठवणे याला मी निरीक्षण मानत नाही. तो त्या माणसाचा अपमान आहे आणि आपल्याकडे तो फार वाढला आहे, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

जागेची रचना बदलली की हे नियमही बदलतात. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल सुरू झाली. तिची दारे आपोआप बंद होतात, त्यामुळे दारात लटकणारे कोण, आत सरकणारे कोण, पुढचे स्टेशन कोणत्या बाजूला येणार म्हणून आधीच बाजू बदलणारे कोण, ही दारातल्या माणसांची जुनी व्यवस्था तिथे राहिली नाही. वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईतली पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिच्यात बैठका भिंतीला लागून आहेत, प्रवास थोडा वेळचा आहे, आणि "कुठे उतरणार?" हा प्रश्न मी तिथे क्वचितच ऐकला आहे. समोरासमोरची बाके नाहीत, त्यामुळे मधल्या जागेत उभे राहून कोणाला सांगून ठेवण्याची सोय नाही आणि ते ऐकणारी खिडकीतली बाईही नाही. तिथे जागा मिळते ती जवळ असेल त्याला. पण मेट्रोचे जाळे आता लांबवर पसरत आहे. तासाभराचा प्रवास रोज उभ्याने करणारी माणसे तिथेही वाढतील, तेव्हा ती आपसांत कोणता नियम करतील, हे पाहण्याची मला उत्सुकता आहे.

नमस्कार.