शनिवारी पाट्टोला

(दृश्य : पावसाळी दुपार. वाळपईचा बसस्टँड. पणजीची कदंब बस लागलेली. खिडकीपाशी एका बाईच्या मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत दोन जुनी पुस्तकं, एक डायरी, काचेच्या बरणीत खळ.)

महिन्यातून एका शनिवारी शाळा सुटली की मी ही बस धरते. पणजीत पाट्टोला आम्ही सहा ग्रंथपाल बायका भेटतो. सत्तरीतल्या एका हायस्कुलात मी ग्रंथपाल आहे. बरणीतली खळ मी घरी शिजवलेली आहे. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. आज पाट्टोला आमच्यातल्या दोघींना मी पुस्तकाचा सुटलेला कणा कसा बसवायचा ते दाखवणार आहे. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत पुस्तकं दमट राहतात, पानांना बुरशी धरते, शिवण सुटते. सुटलेल्या पानाला सेलोटेप लावली की दोन-चार वर्षांत ते पान पिवळं पडतं आणि मग कायमचं जातं. हे मला माझ्या पदवीच्या अभ्यासात कुणी सांगितलं नव्हतं. मला ते डिचोलीच्या एका ग्रंथपालबाईंनी सांगितलं, अशाच एका भेटीत.

(दृश्य : पाट्टो, पणजी. कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. जिना, वाचनकक्ष, टेबलाभोवती सहा बायका.)

हे ग्रंथालय १८३२ साली सुरू झालं. देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. आम्ही इथे जमतो त्यामागे कुणाचा आदेश नाही, परिपत्रक नाही. मध्यावर पडतं आणि बसायला जागा मिळते, एवढंच कारण.

शाळेत गणिताचे दोन शिक्षक असले तर ते अडलेलं एकमेकांना विचारतात. भाषेच्या बाई दुसऱ्या बाईंची वही चाळतात. ग्रंथपाल मात्र शाळेत एकच असतो. चुकला तरी एकटा चुकतो आणि त्याला काही चांगलं सापडलं तरी ते त्याच्याजवळच राहतं.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनाही हे चुकलं नव्हतं. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या एकटेपणाला इतके कंटाळले, की मला परत गणित शिकवायला घ्या म्हणून सांगायला गेले. त्यांना आधी लंडनला पाठवण्यात आलं. तिथे ते ग्रंथालयशास्त्र शिकले, एकामागून एक ग्रंथालयं पाहिली, त्यांचं कामकाज जवळून बघितलं आणि परत आले ते आयुष्यभर ग्रंथालयाचे होऊन. १९३१ मध्ये त्यांनी पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलं : ग्रंथ उपयोगासाठी आहेत. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. हार घालताना मला दर वर्षी त्यांचे ते पहिले कंटाळलेले दिवस आठवतात. कामाची माणसं भेटली, काम बघायला मिळालं, म्हणून रंगनाथन टिकले.

(दृश्य : लाकडी कपाट. कुलूप. काचेमागे पुस्तकांचे कणे.)

माझी पहिली नोकरी दुसऱ्या शाळेत होती. रुजू झाले त्याच दिवशी हातात किल्ल्यांचा जुडगा आला आणि सोबत एक वाक्य : पुस्तक हरवलं तर पगारातून भरावं लागेल. मी घाबरले. कपाटं बंद ठेवली. मुलं काचेतून पुस्तक दाखवायची, मी कुलूप काढून तेवढं एकच द्यायची आणि पुन्हा कुलूप लावायची. वर्षअखेरीच्या मोजणीत एकही पुस्तक कमी भरलं नाही, म्हणून माझं कौतुक झालं. त्या वर्षी किती पुस्तकं उघडलीच गेली नाहीत, ते कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

पाट्टोच्या टेबलावर एकीनं एक झेरॉक्स पुढे सरकवली. केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम, नियम २१५. वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ झाली आणि त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल, तर ते नुकसान वाजवी धरावं, असं त्यात लिहिलं आहे. हजार रुपयांहून महाग पुस्तक आणि दुर्मीळ पुस्तक यांची मात्र चौकशी होते. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आमच्या अनुदानित शाळेला तो जसाच्या तसा लागू आहे असं मी म्हणत नाही. पण वापरली जाणारी पुस्तकं थोडी हरवतातच, हे सरकारनं छापून मान्य केलं आहे. तो कागद घेऊन मी आताच्या मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला. पुढच्या सोमवारी आमच्या कपाटांची दारं बिजागऱ्यांसकट काढली.

(दृश्य : उघडी मांडणी. मुलं जमिनीवर बसून पुस्तकं चाळताहेत.)

श्रावणातली गोष्ट सांगते. नागपंचमीच्या आदल्या दिवशी सातवीचा तास होता. एक मुलगा ठासून म्हणाला, ‘‘टीचर, सोरोप दूद पियेता. हांवें व्हिडिओ पळयला.’’ (साप दूध पितो, मी व्हिडिओ पाहिलाय.) अर्धा वर्ग त्याच्या बाजूनं. हो किंवा नाही म्हणणं सोपं होतं. मी फळ्यावर आकडा लिहिला : ५९७.९६. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या ड्युईच्या दशांश वर्गीकरणात सापांची जागा ही. मुलं मांडणीकडे धावली. तीन पुस्तकं आली, एक मराठी, दोन इंग्रजी. मी तिघांना तीन प्रश्न दिले : लिहिणारा कोण? त्यानं हे कशावरून लिहिलं? दुसऱ्या पुस्तकात तेच आहे का? पंधरा-वीस मिनिटं वर्गात नुसती पानांची सळसळ होती. मग तोच मुलगा उठला. साप मांसाहारी, उंदीर-बेडूक खातो, दूध त्याचं अन्न नव्हे, हे त्यानं स्वतः वाचून दाखवलं. खाली बसता बसता त्यानं विचारलं, ‘‘मग व्हिडिओतला पीत होता तो का?’’ उत्तर तिसऱ्या पुस्तकात होतं. बरेच दिवस तहानलेला ठेवलेला साप समोर येईल त्या पातळ पदार्थाला तोंड लावतो.

हा तास मी एकटीनं घडवलेला नाही. तीन प्रश्नांची युक्ती मडगावच्या एका मैत्रिणीची. फळ्यावर आकडा लिहून मुलांना शोधायला लावणं फोंड्याचं. मुलांच्या ग्रंथालयात नुसती देवघेव न करता पुस्तक कसं बोलतं करायचं, हे आमच्यातली एक जण टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमाच्या अभ्यासक्रमात शिकून आली. पणजीच्या बुकवर्मसारख्या संस्थेचं काम तिनं जवळून पाहिलं, आम्हाला सांगितलं. ग्रंथालयाच्या नोंदी ठेवायची कोहा ही मुक्त संगणकप्रणाली मी तर दाखल नोंदवही शेजारी ठेवून, चुकत चुकत शिकले.

(दृश्य : वेळापत्रकाचा तक्ता. एका चौकोनावर बोट.)

आता अडचणीचं बोलते. कुणी शिक्षक रजेवर गेला की ऑफ तासाला ग्रंथपालाला धाडतात. परीक्षेचे कागद मोजायचे, गणवेश वाटायचे, अर्ज भरून घ्यायचे, तेही ग्रंथपालानं. ‘‘तुम्हाला काय, रिकामाच वेळ असतो!’’ हे वाक्य आम्ही सहाही जणींनी ऐकलं आहे. त्यात बोलणाऱ्याचा वाईट हेतू असतोच असं नाही. आमचं काम त्याला दिसलेलंच नसतं.

म्हणून आम्ही ठरवलं, गाऱ्हाणं सांगायचं नाही, डायरी दाखवायची. एक महिना रोज लिहिलं : आज ग्रंथालय कोणत्या तासाला उघडं होतं, कोणत्या तासाला बंद, कशासाठी बंद, तेव्हा दारावरून कोणता वर्ग परत गेला. मी ती डायरी पालक-शिक्षक संघाच्या सभेत वाचली. सोबत कायदा ठेवला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं म्हटलं आहे. इफ्ला ही ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि युनेस्को यांचा शालेय ग्रंथालयाचा जाहीरनामाही ठेवला. त्यात शाळेचा ग्रंथपाल हा प्रशिक्षित आणि शिक्षकांच्या बरोबरीनं काम करणारा माणूस मानला आहे.

सभेत सगळ्यात आधी बोलली ती एक आई. काजूच्या बागायतीत कामाला जाते. ती म्हणाली, माझी मुलगी परत गेलेल्या वर्गात होती, तिनं घरी येऊन सांगितलं होतं, मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मग बाकीचे बोलले. आज पाचवी ते दहावी प्रत्येक वर्गाला आठवड्याला एक तास ग्रंथालयाचा आहे आणि तो कुणी काढून घेत नाही.

आमच्या आजूबाजूच्या वाड्यांवरच्या प्राथमिक शाळांत मात्र ग्रंथपालाचं पदच नाही. तिथे एक-दोन शिक्षिका सगळं सांभाळतात आणि पुस्तकं बहुधा पेटीत असतात. वाचायची गोडी लागते ती याच वयात. आमच्या सहा जणींच्या टेबलावर सध्या हाच विषय आहे. दोन शाळांतल्या शिक्षिकांना आम्ही शनिवारी बोलावलं आहे. पदं मंजूर व्हावीत हे मागत राहूच, तोवर पेटी उघडायला त्यांच्या सोबत बसू.

(दृश्य : टेबलावर खळीची बरणी. एका पुस्तकाचा कणा ओला, दोऱ्यानं बांधून दोन विटांखाली ठेवलेला.)

पेडण्याची एक नवी ग्रंथपाल पुढच्या महिन्यापासून येणार आहे. फोनवर तिनं पहिलं हेच विचारलं, की पुस्तक हरवलं तर काय होतं. नियम २१५ ची एक झेरॉक्स तिच्यासाठी काढून ठेवली आहे.