दहावा पॉड

[दृश्य: ठाणे–बेलापूर रस्ता, महापे. डेटा सेंटरची इमारत.]

महापे, रबाळे, ऐरोली. रसायनांच्या कारखान्यांचा हा पट्टा आता डेटा सेंटरचाही आहे. आत चालणाऱ्या कित्येक सेवा भार वाढला की स्वतःची मांडणी स्वतःच बदलतात.

समजा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटचे भाव सांगणारी एक वेबसेवा आहे. सकाळी विचारणा वाढते. सेवेच्या चार प्रती, म्हणजे चार पॉड, चालू आहेत. पॉड चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीचा ऑटोस्केलर, म्हणजे पॉडची संख्या आपोआप कमी-जास्त करणारा भाग, दर 15 सेकंदांनी आकडे बघतो. सीपीयूचं लक्ष्य 50 टक्के, प्रत्यक्ष वापर 90. चार गुणिले 90 भागिले 50, म्हणजे 7.2. अपूर्णांक वरच्या बाजूला धरायचा: आठ पॉड. लक्ष्यापासून दहा टक्क्यांच्या आतला फरक तो मनावर घेत नाही. पॉड कमी करताना मात्र मागच्या पाच मिनिटांतला सर्वात मोठा आकडा धरतो, नाहीतर पॉड सारखे चढत-उतरत राहतील.

हे टक्के सर्व्हरच्या ताकदीचे नसतात. त्या पॉडसाठी सेवेच्या मांडणीच्या फाइलमध्ये जेवढा सीपीयू मागितलाय, त्याचे असतात. ती ओळच नसेल, तर टक्केवारी निघत नाही आणि ऑटोस्केलर हलत नाही.

[दृश्य: स्क्रीनवर पॉडची यादी, आठाचे बारा होताना.]

भार अजून वाढतो. वापर 70 टक्के, आठाचे बारा होतात. इथे घोळ होतो. पोस्टग्रेस डेटाबेस मुळात 100 कनेक्शन देतो, त्यातली तीन ॲडमिनसाठी राखीव. डेटाबेसची कनेक्शन आधीच उघडून त्यांचा साठा, म्हणजे पूल, ठेवणारी जावातली हिकारी-सीपी लायब्ररी, काही सांगितलं नाही तर, प्रत्येक पॉडमागे दहा कनेक्शन उघडून बसते. नऊ पॉडची झाली 90. दहाव्याला सातच मिळतात, पुढच्या दोघांना एकही नाही.

त्यात कुणी लाइव्हनेस तपासणीत, म्हणजे पॉड जिवंत आहे का हे बघणाऱ्या तपासणीत, डेटाबेसची चौकशी घातली असेल, तर विचारूच नका. दर दहा सेकंदांनी तपासणी. लागोपाठ तीन चुकल्या की कंटेनर (पॉडमध्ये चालणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट. दोष डेटाबेसच्या मर्यादेत, मार मात्र पॉडना. ही चौकशी रेडिनेस तपासणीतही (पॉड विचारणा घ्यायला तयार आहे का हे बघणारी) जपूनच घालावी.

उपाय गणिताचाच आहे. पॉडची कमाल संख्या गुणिले पूलचा आकार, हा गुणाकार 97 च्या आत ठेवायचा. बारा पॉड हवेत, तर पूल आठचा. नाहीतर मध्ये पीजी-बाउन्सर, म्हणजे थोडी कनेक्शन अनेक पॉडना वाटून देणारा प्रोग्रॅम, बसवायचा. आणि गिटमध्ये (कोडच्या साठ्यात) ठेवलेल्या मांडणीच्या फाइलमध्ये पॉडची संख्या लिहून ठेवायची नाही. तिथे चार लिहिले असतील आणि ऐन गर्दीत नवा डिप्लॉय झाला, म्हणजे नवी आवृत्ती चढवली, तर बाराचे पुन्हा चार होतात.

[दृश्य: कांद्याच्या गोण्या, वजनकाटा.]

संख्या सांभाळता येते. सेवा निवडणं अवघड. योग्य वेबसेवा एजंटने, म्हणजे माणसाच्या वतीने काम करणाऱ्या प्रोग्रॅमने, स्वतः शोधून जोडावी, यासाठी यूडीडीआय ही सार्वजनिक सूची निघाली होती. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी ती 2006 मध्ये बंद केली. वेबसेवा काय घेते-देते हे सांगणाऱ्या डब्ल्यूएसडीएल वर्णनात उत्तराचा प्रकार असतो: ‘दशांश संख्या’. पण ती क्विंटलची की किलोची, हे त्या प्रकारातून कळत नाही. एका सेवेने क्विंटलला 1800 सांगितले, दुसरीने किलोला 18, तर एजंटच्या लेखी दुसरीचा कांदा शंभरपट स्वस्त. एरर येत नाही, लॉगही स्वच्छ. म्हणून भावाशेजारी एककाचं वेगळं फील्ड सक्तीचं करायचं, आणि ते रिकामं असेल तर एजंटने ती सेवा जोडायचीच नाही.