वेच्याच्या दिवसांतलं लेकरू

(दृश्य: यवतमाळ जिल्हा. दिवाळी होऊन गेली आहे. काळ्या रानात कपाशी फुटलेली. धुऱ्यावरून बायांची रांग चालली आहे.)

निवेदन: वेच्याची, म्हणजे कापूस वेचण्याची, मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे ऊन तापायच्या आत रानात पोचायचं आणि दिवस मावळेपर्यंत वेचत राहायचं, असाच सगळ्या बायांचा हिशेब. अंगावर पिणारं लेकरू असलं, तर बाभळीच्या फांदीला झोळी बांधली जाते. जे थोडं चालायला लागलं, ते मात्र गावातच राहतं.

(दृश्य: ओसरी. आजी आणि दीड वर्षाचा नातू. पोरगा पायऱ्यांकडे रांगतो, आजी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवते.)

आजी: "माही सून साताले डबा घेऊन निंगते. हे पोट्टं दिवसभर मायाजवळ. मले आता याच्या मांगं धावनं होत नाई, बाई."

निवेदन: अंगणवाडी या घरापासून चार घरं सोडून आहे. तिथं तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात, गाणी म्हणतात, गरम खिचडी खातात. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांसाठी मात्र घरी न्यायचा आहार मिळतो. म्हणजे पाकीट घरी येतं. ते शिजवून, चमच्याचमच्यानं भरवणारी माय त्या वेळी कपाशीच्या ओळीत असते.

(दृश्य: अंगणवाडी. सेविकाताई एका मुलीच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळते. मुलगी पट्टीचं टोक तोंडात घालते. ताई हसत ते काढून घेते आणि आकडा वाचते.)

निवेदन: पट्टी 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेली, की लेकरू तीव्र कुपोषित. ताई वजन घेते, उंची मोजते आणि सगळं मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर भरते. रेंज असली तर.

हे मोजमाप वाया जातं असं कुणी समजू नये. 2005 साली महाराष्ट्रानं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं. देशातलं असं पहिलंच मिशन. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी असणं, तेव्हा 36 टक्क्यांहून जास्त होतं, ते 2012 च्या पाहणीत 24 टक्क्यांवर आलं. सरकारनं मनावर घेतलं तर आकडा हलतो, हे राज्यानं स्वतःच दाखवून दिलंय. पुढं मात्र गाडी अडली. पाच वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत 34 टक्के होतं, पाचव्या फेरीत 35.

विदर्भानं या बाबतीत देशाला दिलंही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथले बालमृत्यू कसे घटले, ते 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्या पद्धतीची वाट तिथूनच निघाली.

(दृश्य: पालक मेळावा. सतरंजीवर वाट्या, चमचे, रिकामे डबे, कापडी चेंडू. एक बाप मुलासमोर वाटी पालथी घालून खाली चेंडू लपवतो.)

निवेदन: हा 'आरंभ'. राज्याची बालविकास यंत्रणा, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांनी मिळून यवतमाळ आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात याची सुरुवात केली. पहिल्या तीन वर्षांत लेकराशी बोलावं, खेळावं, त्याच्या हाकेला ओ द्यावी, म्हणजे मेंदूची वाढ चांगली होते, हे इथं आईबापांना खेळातून दाखवतात. विकत आणलेलं एकही खेळणं लागत नाही.

मेळाव्याला बाप आलेत, ही आम्हाला मोठी गोष्ट वाटली. पण जिला हे सगळं करायचंय तिच्याकडे दिवसाचा वेळ उरतो किती? सल्ला फुकट मिळतो, वेळ मिळत नाही. पोषणाच्या योजनांत ग्रॅम आहेत, कॅलरी आहेत. लेकराला दिवसभर सांभाळणार कोण, हा रकानाच नाही.

तसं पाहिलं तर उत्तर कायद्यात येऊन गेलंय. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात नियम होता: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. हा नियम सरकारी कामाचा. खासगी वावरातल्या वेच्याला तो लागत नाही. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत आता अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येतं. या गावात ते अजून आलेलं नाही.

सेविकाताई: "एक खोली हाय. एक बाई पाहिजे, दोन टाइमचं खानं पाहिजे. तेबी वेच्याच्या तीन महिन्यांपुरतं. बारा महिने कोन म्हनते?"

निवेदन: ग्रामपंचायतीनं उत्पन्नातला 10 टक्के वाटा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ताईनं ग्रामसभेत उठून तेच विचारलं. तिला उत्तर मिळालं: "अर्ज द्या, ताई. वेचा संपला की बसू."