चुळबुळ

नमस्कार श्रोतेहो. हे ऐकायला बसल्यापासून तुम्ही एकदा तरी बूड सरकवलं असेल, मांडी बदलली असेल. तुमच्या ध्यानातही आलं नसेल. ही चुळबुळच आपली कातडी राखते. मणक्याला इजा होऊन कमरेखालची जाणीव गेली, की अवघडल्याचा निरोप वर पोचतच नाही आणि चुळबुळ थांबते. बैठकीच्या दोन हाडांखाली मांस दबतं, तिथलं रक्त अडतं. जखम बरेचदा आत, हाडालगत सुरू होते; वर दिसेपर्यंत खोल गेलेली असते.

व्हीलचेअरवरून ऐकणाऱ्यांना माझी विनंती आहे. आत्ताच ब्रेक लावा, पुढे वाका, कोपरं गुडघ्यांवर टेकवा. तोल सांभाळत नसेल तर घरच्यांनी खांदे धरा. माझं बोलणं होईपर्यंत असेच राहा.

दर पंधरा ते तीस मिनिटांनी हे करायचं असतं. बरेच जण हातांवर जोर देऊन अंग उचलतात, पण काही सेकंदांतच हात भरून येतात आणि दबलेल्या भागात रक्त पुरतं परतायला दोनेक मिनिटं लागतात. शिवाय खांदे झिजतात. चाकं त्याच खांद्यांनी ढकलायची आहेत ना! मोबाइलवर गजर लावा.

मध्ये भोक असलेली गोल रबरी गादी घेऊ नका. तिच्या कडेचा दाब मधल्या भागाचं रक्त तोडतो. हवेची गादी असेल तर रोज हाडाखाली हात घालून बघा: अर्धा ते एक इंच हवा उरली पाहिजे. मागच्या खिशात पाकीट नको, किल्ल्या नकोत.

सकाळ-संध्याकाळ आरसा धरून कातडी बघा. लाल डाग शोधा असं सगळे सांगतात, पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. आजूबाजूपेक्षा काळपट किंवा जांभळट दिसतंय का, हाताला गरम किंवा कडक लागतंय का, ते पाहा. तसं असेल तर त्यावर बसणं बंद, आणि डॉक्टरांना दाखवा. आणि कळकळीने सांगते, तिथे तेल चोळू नका. मायेने चोळलेलं असलं तरी आतलं दुखावलेलं मांस आणखी फाटतं.

झाली दोन मिनिटं. आता हळूच सरळ व्हा.