पाणी वर दिसत नाही म्हणून गळती नाही असं समजू नका

नमस्कार मंडळी. मी पाइपलाइनचा माणूस, तीसेक वर्षं फिटर म्हणून खड्ड्यात उतरलो, भाषणाची सवय नाही, हातानं जे केलंय तेच सांगतो.

आपल्या बेळगावला पाणी राकसकोप धरणातून येतं आणि हिडकल धरणातून. पावसाळ्यात पेपर उघडला की आधी राकसकोपची पातळी बघायची, 2475 फुटांजवळ आली की जीव भांड्यात पडतो. पण धरण भरलं म्हणून घागर भरत नाही की, मधे सगळी लाइन जमिनीत पुरलेली, तिची चौकशी कोण करतंय?

मोठी लाइन फुटली तर कारंजं उडतं, फोन जातात, जेसीबी येतो. मला काळजी बारीक गळतीची. येळ्ळूरकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्या ओढाताणीत जॉइंट ढिला होतो. जांभ्या दगडात तर पाणी खालच्या खाली मुरतं, वर ओलसुद्धा दिसत नाही. आता हिशोब बघा, 15 लिटरची बादली पाच मिनिटांत भरेल एवढीच धार, दिवसाला 4320 लिटर गेले, माणशी 135 लिटर धरले तर 32 माणसांचं पाणी.

ती सापडते रात्री दोन-तीनला, गाड्या बंद, नळ बंद. लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्ववर ठेवायचं, दुसरं कानाला लावायचं. गळती असली की बारीक सूंऽऽ ऐकू येतं, जवळ जाल तसा आवाज वाढतो. जिथं ओल तिथंच भोक, असंही नसतं. एका गल्लीत आम्ही ओल्या जागी दोनदा खणलं, काही नाही, शेवटी चार घरं वरच्या बाजूला फेरूलपाशी, म्हणजे मोठ्या लाइनवरून घराचं कनेक्शन निघतं तिथं, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप गंजून चाळण झालेला, पाणी जुन्या चरातून वाहत खाली आलेलं. त्यावर आधी कुणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळून माती लोटली होती. मी पाइप बदलायला मागितला तर वरून उत्तर आलं, सध्या ट्यूबच बांधा. ते मला आजही लागतं, कारण शेजारून गटार वाहत होतं.

पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, आत ओढ बसते आणि त्याच भोकातून गटारातलं पाणी आत शिरतं. त्यात कुणी नळाला डायरेक्ट मोटर लावली की ओढ आणखी वाढली. मग पहिलं पाणी गढूळ, वास मारणारं, आणि पोरांना जुलाब. 2008 पासून आपल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, त्याचा मोठा फायदा मला हाच वाटतो, प्रेशर कायम असलं की घाण आत यायला वाट मिळत नाही.

मघाशी मागच्या एका आक्कांनी विचारलं, दारापुढची ओल नळाची का झऱ्याची कसं ओळखायचं. आक्का, ते पाणी काचेच्या ग्लासात घ्या, क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाका, पिवळं झालं तर लाइनचं समजा. नाही झालं तरी गळती नाही असं धरू नका, मातीतून येईपर्यंत क्लोरीन मरतो. रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरही बघा, काटा फिरत असेल तर मीटरच्या आत, तुमच्याच पाइपात गळतंय. आणि माणसं दुरुस्तीला आली की खड्डा बुजवायच्या आधी पाणी सोडून जॉइंट कोरडा राहतोय का ते स्वतः उभं राहून बघा.