गळकऱ्याची वही

(दृश्य: पहाट. कावेरीचं पात्र, मधेच वर आलेले काळे खडक. टोपलीसारखी गोल होडी पाण्यावर सरकते आहे.)

हा नाचणीच्या पिठाचा गोळा. पीठ शिजवायचं, मग मळून मळून इतकं चिवट करायचं की धारेतसुद्धा गळावरून सुटता कामा नये. लिंबाएवढा गोळा, पोटात गळ. कावेरीकाठी महासीर हा मोठा नदीमासा धरायचा तो या आमिषावर. महासीराच्या जबड्यात दात नसतात. दात असतात घशात, आणि खेकडे-शिंपले तो तिथेच भरडून काढतो. खवले तळहाताएवढे. गळाला लागला की असा सुसाट सुटतो, की रिळावरचा तंगूस बघता बघता संपत येतो.

१९४६ साली कावेरीची उपनदी असलेल्या कबिनीत म्हैसूरच्या डी वेट व्हॅन इंगन यांनी १२० पौंडांचा महासीर धरला. म्हणजे सुमारे ५४ किलो. गळावर आलेला सर्वांत मोठा महासीर म्हणून आजवर याच माशाचं नाव घेतलं जातं.

(दृश्य: काठावर गळ टाकून बसलेली माणसं.)

हौसेसाठी गळ टाकणाऱ्याने परवाना काढावा का? त्यासाठी पैसे मोजावेत का? नदीकाठी हा विषय काढला की पहिला सवाल ठरलेला असतो : नदी काय सरकारच्या बापाची आहे? सवाल रास्त आहे. पाणी सगळ्यांचं, मासे सगळ्यांचे, मग पावती कसली फाडायची? मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. कावेरीची गोष्ट नीट समजून घेतल्यावर माझं मत बदललं.

१९७२ मध्ये बंगळूरमध्ये ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ ही संस्था उभी राहिली. तिने कावेरीचे काही पट्टे सांभाळायला घेतले. पुढे भीमेश्वरी, दोड्डमकळी, गलिबोर इथे गळकऱ्यांसाठी तळ उभे राहिले. देशोदेशीची माणसं पैसे भरून तिथे येऊ लागली. नियम सोपा होता : मासा धरा, वजन करा, जिवंत परत सोडा.

त्या पैशांचं काय झालं, ते महत्त्वाचं. आसपासच्या गावांतली पोरं वाटाडे म्हणून, राखणदार म्हणून कामाला लागली. त्यातले काही जण आधी नदीत सुरुंग उडवून मासे मारणारे होते. कुठल्या डोहात मासा असतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तेच आता त्या डोहावर पहारा देत होते. सुरुंग आणि विष वापरून मासे मारायला आपल्या देशात १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. तरी आजही नद्यांमध्ये जिलेटिनच्या कांड्या फुटतात, डोहात ब्लीचिंग पावडर पडते. कायदा आहे, पण रात्री दोन वाजता नदीवर उभं राहायला माणूस नाही. कावेरीवर तो माणूस होता, आणि त्याचा पगार गळकऱ्यांच्या खिशातून निघत होता.

पुढे वन्यजीव कायद्याचा अर्थ लावताना अभयारण्यातली हौशी मासेमारी शिकारीत धरली गेली आणि २०१२ च्या सुमारास ते तळ गळकऱ्यांसाठी बंद झाले. अभयारण्यात गळ नको, ही भूमिका मला समजते. सोडून दिलेल्या माशालाही इजा होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गळासोबत राखणही उठली, आणि नदीला तेच महागात पडतं.

(दृश्य: जुन्या वहीची पानं. तारीख, वेळ, वजन.)

आता या वहीकडे बघा. गलिबोरला धरलेला प्रत्येक मासा लिहून ठेवला जायचा. किती तास गळ टाकला, काय लागलं, वजन किती. १९९८ ते २०१२ या काळातल्या अशा सहा हजारांवर महासीरांच्या नोंदी पुढे शास्त्रज्ञांच्या हाती आल्या. वरवर पाहता चित्र आनंदाचं होतं. वर्षागणिक जास्त मासे लागत होते. पण सरासरी वजन घटत चाललं होतं. आणि मासा कोणता, हे पाहिल्यावर खरी गोष्ट कळली. नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला, कावेरीचा स्वतःचा महासीर वहीतून जवळजवळ नाहीसा झाला होता. त्याच्या जागी होता निळ्या परांचा महासीर.

हा निळ्या परांचा मासा आला कुठून? इथे गोष्ट आपल्या अंगणात येते.

(दृश्य: लोणावळा, वळवण तलाव. पाऊस.)

सत्तरच्या दशकात इथे, टाटांच्या वळवण तलावाकाठी, महासीराची पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचं हे काम. धरणांमुळे महासीराच्या अंडी घालायच्या वाटा अडल्या होत्या. मासा टिकावा म्हणून या लोकांनी मादीची अंडी हातांनी काढून, फळवून, पिल्लं वाढवली. मोठं काम होतं, आणि मनापासून केलेलं. ही पिल्लं अनेक राज्यांत गेली, कावेरीतही सोडली गेली. मासा आपलाच, खडस. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला ‘खुद्री’ हे नाव दिलं. आज बंडगार्डनच्या बंधाऱ्यावर उभं राहिलं तर दिसतो फेस आणि जलपर्णी. आणि तोच खडस तिकडे कावेरीत वाढला, पसरला, तिथल्या मूळ माशाच्या जागेवर बसला.

कावेरीच्या त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळख पटायला २०१८ साल उजाडलं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. शंभर-सव्वाशे वर्षं ज्याच्यासाठी लोक समुद्र ओलांडून आले, त्या माशाला धड नाव नव्हतं. तो कधी आणि कसा कमी होत गेला, हे आज सांगता येतं ते गळकऱ्यांच्या वहीमुळे.

म्हणून परवाना हवा, असं मी म्हणतो. पण पैशांच्या पावतीबरोबर वहीचं पान आलं पाहिजे. काय धरलं, किती, कुठे. हे भरून दिल्याशिवाय पुढच्या वर्षीचा परवाना मिळता कामा नये.

आणि पैसा? अमेरिकेत १९५० च्या कायद्याने गळ, काठी, रीळ यांच्यावरचा कर मासे आणि पाणी सांभाळण्यासाठी राज्यांना मिळतो. त्याला अट आहे. गळकऱ्यांकडून घेतलेलं परवाना शुल्क राज्याने दुसरीकडे वळवलं, तर हा वाटा हातचा जातो. मला या सगळ्या प्रकरणातली ही एक ओळ सर्वांत मोलाची वाटते. आयर्लंडमध्ये १९८७ च्या कायद्याने गळाच्या काठीवर परवाना आला, तेव्हा तळ्याकाठच्या गळकऱ्यांनी तो काढायला साफ नकार दिला. दोन-तीन वर्षं भांडण चाललं आणि शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली. लोकांना विश्वासात न घेता पावतीपुस्तक काढलं की असं होतं.

आपल्याकडे तर आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. रात्रीच्या कालवणासाठी ओढ्यात गळ टाकणाऱ्या कातकऱ्याकडे, जाळ्यावर घर चालवणाऱ्या भोई बांधवाकडे कुणी परवाना मागायचा नाही. पैसे मागायचे ते गाडीतून परदेशी काठी घेऊन उतरणाऱ्याकडे, म्हणजे माझ्यासारख्याकडे. आणि तो परवाना मुंबईच्या कार्यालयातून कशाला? राज्यातल्या कितीतरी तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी सोसायट्यांकडे असतो. पावती त्यांनीच फाडावी, राखणदारही त्यांनीच नेमावा. पवईला १९५५ पासून गळकऱ्यांची राज्य संघटना आहे. सभासद होऊन, वर्गणी भरून गळ टाकायची सवय आपल्याला अगदीच नवी नाही.

(दृश्य: रायगड जिल्हा, महाड तालुका. काळ नदीवरचा वाळणकोंड. पाण्यात मोठाले मासे.)

इथे परवानाही नाही आणि पहारेकरीही नाही. हे देवीचे मासे. वरदायिनीच्या डोहातला मासा कुणी धरत नाही, खाणं तर दूरच. भाविक त्यांना खाऊ घालतात आणि महासीर हाताच्या अंतरावर येऊन तो टिपतात. पाण्यात वाकून बघताना माझा घसा दाटून आला होता. पण प्रत्येक डोहाला देवी नसते, आणि नदी डोहाच्या बाहेरही वाहते.

(दृश्य: भिगवण. उजनीचं पाणी, सकाळचा बाजार.)

उजनीकाठी होड्या लागल्या आहेत. पाटीत मासळी ओतली जाते. चिलापी, आणि पुन्हा चिलापी. बाहेरून आलेला मासा, आता इथलाच होऊन बसलेला. बाजूला एक म्हातारे भोईकाका जाळं सुकवत होते. आधी इथे कुठले मासे मिळायचे, असं विचारलं, तर बोटांवर मोजत नावं सांगू लागले. मग विचारलं, काका, ते कमी कधीपासून झाले? काकांनी शेजारच्याकडे बघितलं. शेजारी म्हणाला, दहा-बारा वर्षं झाली असतील. पलीकडचा म्हणाला, छे, वीस तरी. होडीतला पोरगा म्हणाला, मी तर चिलापीच बघत आलोय.

काकांनी जाळ्यातली एक काडी काढून टाकली आणि पुढचा फास हातात घेतला.