चिंतामणरावांचा राजीनामा

श्रोतेहो, नमस्कार.

देशभक्त म्हटलं की चिंतामणराव देशमुखांचं नाव चटकन कुणाच्या ओठांवर येत नाही. महाडजवळच्या नाते गावचा हा बुद्धिमान माणूस. १९१२ साली मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, पुढे आयसीएस, म्हणजे इंग्रज सरकारचे सनदी अधिकारी झाले. सत्याग्रह नाही, तुरुंग नाही. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तेही इंग्रजी अमलातच. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि १९५२ साली कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून, लोकसभेवर निवडून आले.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी याच रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई शहर केंद्राच्या अखत्यारीत राहील, म्हणजे महाराष्ट्राला मिळणार नाही. मुंबई पेटली. पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. त्याची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही मागणी मात्र सरकारनं मान्य केली नाही.

देशमुखांनी राजीनामा जानेवारीतच पुढे केला होता. तो अडून राहिला, ते कामावर राहिले. तेव्हाच का गेले नाहीत, असं विचारणारे होते, आणि त्यांचा प्रश्न काही गैर नव्हता. जुलैमध्ये मात्र ते बाहेर पडले. लोकसभेत उभं राहून त्यांनी कारणं सांगितली: गोळीबाराची चौकशी नाही, आणि मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला. नेहरूंनी हा आरोप नाकारला. त्याची नोंदही त्याच सभागृहात झाली.

महाराष्ट्रात त्यांचा जयजयकार झाला तो मुंबईसाठी. मला विचाराल, तर दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं. स्वातंत्र्याला नऊ वर्षंही झाली नव्हती. नेहरूंसमोर बोलायला भलेभले कचरत. अशा काळात एक मंत्री म्हणतो, की पंतप्रधान कितीही मोठे असोत, निर्णय मंत्रिमंडळानं घ्यायचा असतो. आणि हे दाराआड कुजबुजून नाही, तर मतदारांच्या प्रतिनिधींसमोर.

मुंबईसह महाराष्ट्र व्हायला १ मे १९६० उजाडला. राजीनाम्यानं तो लगेच मिळाला नाही, उलट आधी मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य आलं. देशमुख मात्र १९५६ मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पंतप्रधान अर्थातच नेहरूच होते.